छोट्या बेस ॲम्पचा स्पीकर बदलताना: वॉट राहू दे, आधी खोकं मोजा

कोल्हापुरात स्पीकरची चौकशी दोनच प्रश्नांत उरकते: किती इंची आणि किती वॉटचा? डॉल्बीच्या भिंती बघत वाढलेल्या गावात हे साहजिकच आहे. मिरवणुकीत ट्रॉलीवर अठरा इंची स्पीकरची चळत लागते, मागे हजारो वॉटचे ॲम्प्लिफायर असतात, आणि तिथं या दोन आकड्यांवर बरंचसं भागतं. पण घरच्या खोलीत ठेवलेल्या १५-२५ वॉटच्या बेस ॲम्पला, म्हणजे बेस गिटारच्या ॲम्प्लिफायर-स्पीकरच्या एकत्र खोक्याला, हाच हिशेब लावला की पैसे जातात आणि आवाज आहे तिथंच राहतो. कधी कधी तर आधीपेक्षा कमी होतो, आणि तो का कमी झाला हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

हे मार्गदर्शन ८ किंवा १० इंची स्पीकरच्या, ट्रान्झिस्टर किंवा चिपवर चालणाऱ्या छोट्या ॲम्पसाठी आहे. फेंडर रंबल २५, ऑरेंज क्रश बेस २५, हार्टकी एचडी २५ हे सगळे त्यातलेच, तिन्ही २५ वॉटचे आणि ८ इंची. ५ किंवा साडेसहा इंची स्पीकरचे चिमुकले ॲम्प यातून वगळा. त्यांच्यात पैसे घालण्यात अर्थ नाही, ते विकून पुढचा घ्यावा. व्हॉल्व्हचा ॲम्प असेल तर त्याचे नियम वेगळे आहेत, तोही इथं नको.

काय मिळेल आणि काय नाही

चार तारी बेसची सगळ्यात जाड ई तार मोकळी वाजवली की ४१ हर्ट्झचा स्वर निघतो. गिटारची ई ८२ हर्ट्झची, म्हणजे बरोबर एक सप्तक वर. आता स्पीकरच्या बाजूनं बघा. तेवढ्याच जोराचा आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनला, म्हणजे स्पीकरच्या कागदी पडद्याला (दुकानात याला पेपर म्हणतात), चौपट मागेपुढे हलावं लागतं. गिटारच्या ई साठी कोन एक मिलिमीटर हलत असेल, तर बेसच्या ई साठी त्याला चार मिलिमीटर हलायला हवं. स्वस्तातल्या ८ इंची स्पीकरची तेवढी ऐपतच नसते. जोरात तार छेडल्यावर येणारी ती फडफड म्हणजे कोनची हलायची जागा संपल्याची खूण.

तरीही आपल्याला ई ऐकू येते, कारण तारेतून ८२, १२३, १६४ हर्ट्झचे वरचे स्वरही निघतात आणि त्यावरून कान खालचा मूळ स्वर मनातल्या मनात भरून काढतो. छोट्या ॲम्पवरचा बेस आपण अर्धाअधिक असाच ऐकतो.

म्हणून चांगल्या स्पीकरकडून या अपेक्षा ठेवा: स्वर सुटे ऐकू येतील, फडफड उशिरा सुरू होईल, ॲम्प तोच असून आवाज वाढेल, बोटाचा नि पिकचा फरक कळेल. छातीत धडकणारा बेस मात्र मिळणार नाही. तो खोक्याच्या आकारातून येतो आणि तुमचं खोकं आहे तेवढंच राहणार आहे.

आधी स्पीकरच दोषी आहे का बघा

पहिली तपासणी फुकट आहे. ॲम्प खोलीच्या मधोमध टीपॉयवर असेल तर तो जमिनीवर, भिंतीला लागून, मग कोपऱ्यात ठेवून वाजवा. जमीन आणि दोन भिंती मिळून खालचा आवाज चांगलाच उचलून धरतात. जाड भिंतींच्या जुन्या घरात आणि नव्या फ्लॅटमध्ये यातही फरक पडतो. एवढ्यावर समाधान झालं तर पुढचं वाचायची गरजच नाही.

मग बेसचं बटण बघा. बहुतेकांनी ते शेवटपर्यंत फिरवलेलं असतं. बेस ६ डेसिबलनं वाढवला की त्या पट्ट्यात ॲम्पकडून चौपट ताकद मागितली जाते. १५ वॉटच्या ॲम्पकडे ती नसते, मग चिप आवाजाचे शेंडे कापते आणि आपण शिव्या स्पीकरला घालतो. बेस मध्यावर आणा, मिड थोडा वाढवा आणि पुन्हा ऐका.

आणखी एक तपासणी: ओळखीच्या ऑर्केस्ट्रावाल्याकडे किंवा साऊंडवाल्याकडे मोठा कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचं खोकं, असेल तर तुमच्या ॲम्पची स्पीकरकडे जाणारी वायर काढून त्याला जोडून बघा. ॲम्प मात्र बंद असताना जोडायचा आणि त्या कॅबिनेटचा ओहम, म्हणजे रोधाचा आकडा, तुमच्या ॲम्पला चालणारा हवा. तिथंही आवाज फाटत असेल तर रोग ॲम्पमध्ये आहे, स्पीकर बदलून तो जाणार नाही. आवाज एकदम मोकळा झाला तर तुमचा संशय बरोबर होता.

शेवटी स्पीकरलाच हात लावा. जाळी काढा, दोन्ही हातांची बोटं डस्ट कॅपच्या (कोनच्या मधोमधची गोल टोपी) भोवती सारख्या अंतरावर टेकवा आणि कोन हळूच आत ढकला. कानाजवळ घेऊन ऐका. चर्रर्र असा वाळू घासल्यासारखा आवाज आला तर कॉइल, म्हणजे कोनमागचं तारेचं वेटोळं, घासतेय. कडेच्या रिंगवर नख न लावता बोट फिरवा. फोमची रिंग जुनी झाली की तिचा भुगा बोटाला लागतो. यापैकी काही आढळलं तर स्पीकर बदलायलाच हवा. मोठ्या डॉल्बीच्या स्पीकरला नवा पेपर, नवी कॉइल टाकून घेणं परवडतं, या छोट्या स्पीकरला परवडत नाही.

खोलताना

ॲम्प चालू असतानाच भिंतीवरचा प्लग काढा. समोरचा दिवा हळूहळू विझेल, म्हणजे कपॅसिटरमधली वीज उतरतेय. त्यानंतरही पाच-दहा मिनिटं थांबा. ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूला २३० व्होल्ट येतात, त्यामुळे फ्यूज, स्विच आणि पॉवर सॉकेटच्या आसपास प्लग काढलेला असतानाही बोटं घालायची सवय नको.

काही ॲम्पमध्ये स्पीकर पुढून बसवलेला असतो. जाळी वेल्क्रो किंवा प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर असते, ती हलक्या हातानं ओढली की स्क्रू दिसतात. काहींमध्ये तो मागून असतो, मग मागची फळी आणि कधी कधी अख्खी चासीही (सर्किट बसवलेला पत्र्याचा सांगाडा) काढावी लागते. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढा, विशेषतः कोणत्या रंगाची वायर स्पीकरच्या कोणत्या टोकाला होती त्याचा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. चासीचा लांब स्क्रू दुसऱ्या जागी घातला तर तो आत सर्किटला जाऊन टेकू शकतो, म्हणून वाट्या वेगळ्या ठेवा.

स्पीकरचा शेवटचा स्क्रू सोडवताना एक हात कोनवर छत्रीसारखा धरा. स्क्रू ड्रायव्हर निसटला तर हाताला लागू दे, पेपरला भोक नको. आणि कामाच्या जागेवर लोखंडाचा कीस नसावा. मॅग्नेट तो ओढून घेतं, आणि कॉइलच्या फटीत गेलेला कीस सहसा बाहेर येत नाही.

मापं: यावरच सगळं ठरतं

मागच्या स्टिकरवर ओहम लिहिलेला असतो. नसेल तर मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ४ ओहमचा तीन ते साडेतीनच्या आसपास. मीटर फक्त तारेचा रोध मोजतं, म्हणून आकडा छापलेल्यापेक्षा कमी येतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मोजताना स्पीकर ॲम्पपासून सोडवलेला हवा.

मग मेजपट्टी. फळीला पाडलेल्या भोकाचा व्यास, स्क्रूची भोकं किती आणि त्यांचं वर्तुळ केवढं, स्पीकरच्या बाहेरच्या कडेचा व्यास, फळीची जाडी. फळीपासून मागं ट्रान्सफॉर्मर किंवा चासीपर्यंत किती जागा आहे हे मोजायला लोक विसरतात, आणि घरी आल्यावर नव्या स्पीकरचं मॅग्नेट ट्रान्सफॉर्मरला धडकतं. मॅग्नेटमागे किमान एक-दोन सेंटिमीटर मोकळी जागा हवी. त्याच्या पाठीला मधोमध भोक असेल तर आणखी जास्त, कारण कॉइल तिथून श्वास घेते. "८ इंची" म्हणून विकले जाणारे दोन कंपन्यांचे स्पीकर एकाच भोकात बसतीलच याची खात्री नसते, तेव्हा इंच विसरा आणि मिलिमीटर लिहा.

खोक्याचे लिटर काढणं सोपं आहे. आतली लांबी, रुंदी आणि खोली सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि हजारानं भागायची. समजा आतून ३२, ३० आणि १८ आले, तर ते सव्वासतरा लिटर. त्यातून चासी, ट्रान्सफॉर्मर, लाकडी पट्ट्या आणि स्पीकरचं पोट मिळून तीन-एक लिटर वजा करा. राहिले १४ लिटर. हा आकडा वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

खोकं बंद आहे, मागून उघडं आहे की त्याला पोर्ट, म्हणजे हवा आतबाहेर करायची नळी, आहे, तेही बघा. खाली दिलेलं गणित बंद खोक्याचं आहे.

थोडं गणित, घाबरू नका

ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत स्पीकर आणि खोकं यांचं नातं आकड्यांत बसवलं. चांगल्या कंपनीच्या कागदावर दिसणारे टी-एस पॅरामीटर ते हेच. त्यातले चार आपल्या कामाचे आहेत. एफएस म्हणजे स्पीकर मोकळ्या हवेत ज्या कंपनाला सहज डोलतो तो आकडा. क्यूटीएस म्हणजे त्या डोलण्याला लगाम किती. व्हीएएस लिटरमध्ये असतो, म्हणजे किती हवा त्या स्पीकरच्या लवचिकपणाएवढी आहे. एक्समॅक्स म्हणजे कोन एका बाजूला किती मिलिमीटर सरळपणे हलू शकतो.

बंद खोक्यातली हवा स्प्रिंगचं काम करते. सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं दाबून दांडा ढकलला की कसा उलटा रेटा येतो, तसंच. खोकं जितकं लहान तितका रेटा जास्त, आणि स्पीकरचा सहज डोलण्याचा आकडा तितका वर सरकतो. किती सरकतो ते असं काढायचं: व्हीएएसला खोक्याच्या लिटरनं भागा, त्यात एक मिळवा, वर्गमूळ काढा. जो आकडा येईल त्यानं एफएस आणि क्यूटीएस दोन्हींना गुणा.

एक उदाहरण घेऊ. स्पीकरचा एफएस ५५, क्यूटीएस ०.४५, व्हीएएस २८ लिटर, आणि आपलं खोकं १४ लिटरचं. २८ भागिले १४ म्हणजे २, अधिक १ म्हणजे ३, वर्गमूळ १.७३. खोक्यात गेल्यावर एफएस झाला ९५ हर्ट्झ, क्यूटीएस झाला ०.७८. ९५ च्या खाली आवाज दर सप्तकाला १२ डेसिबलच्या गतीनं उतरत जाणार. क्यूचा आकडा ०.७ ते १ च्या दरम्यान आला की बेससाठी झकास. १.२ च्या वर गेला की एकाच पट्ट्यात भोंभों सुरू होते, मग ए तारेवरचा एखादा स्वर खोली हलवतो आणि शेजारचा गायब होतो.

आता दुसरा उमेदवार, गाडीच्या डिकीतला ८ इंची सबवूफर. समजा एफएस ३५, क्यूटीएस ०.५, व्हीएएस १४. तेच गणित केलं तर १.४१ येतो, म्हणजे खोक्यात ४९ हर्ट्झ आणि क्यू ०.७. कागदावर तर नाद खुळा! मग घ्यायचा का? नाही, कारण त्याची सेन्सिटिव्हिटी बघायची राहिली.

खरा आकडा: सेन्सिटिव्हिटी

स्पीकरला १ वॉट दिला आणि १ मीटरवरून मोजलं तर किती डेसिबल येतात, ती सेन्सिटिव्हिटी. प्रत्येक ३ डेसिबलला ॲम्पची ताकद दुप्पट झाल्यासारखी आहे. त्या डिकीतल्या सबवूफरची ८५ धरली आणि पहिल्या स्पीकरची ९४, तर मधला फरक ९ डेसिबलचा, म्हणजे आठपट. तुमचा १५ वॉटचा ॲम्प त्या सबवूफरवर जेमतेम दोन वॉटचा होऊन बसतो. गाडीत त्याच्यामागे शेकडो वॉटचा ॲम्प असतो म्हणून तो तिथं गाजतो.

उलट ८७ च्या जागी ९३ चा स्पीकर बसला तर सहा डेसिबल हातात पडतात, म्हणजे १५ वॉटचा ॲम्प ६० वॉटच्या जवळ जातो, ॲम्पला स्क्रू ड्रायव्हरही न लावता. स्पीकर बदलण्यातला सगळा फायदा इथं आहे.

केएलएच कंपनीतल्या जे. अँटन हॉफमन यांच्या नावानं ओळखला जाणारा एक नियम आहे: खोल बेस, लहान खोकं आणि जास्त सेन्सिटिव्हिटी, या तिघांपैकी दोनच मिळतात. लहान खोकं आपल्याला सुटत नाही. कमी वॉटमुळे सेन्सिटिव्हिटी सोडता येत नाही. मग सोडायचं काय ते उघड आहे.

म्हणून माझी पसंती अशी: ॲम्पला चालणारा ओहम, सेन्सिटिव्हिटी ९२ च्या वर, खोक्यात गेल्यावर क्यू १ च्या आत, एक्समॅक्स ३ मिलिमीटर किंवा जास्त, आणि वॉट ॲम्पच्या दुप्पट असले की झालं. दोनशे वॉटचा स्पीकर १५ वॉटच्या ॲम्पवर लावला म्हणून आवाज वाढत नाही. ते वॉट म्हणजे जळण्याआधी किती सहन करेल त्याची मर्यादा.

ओहम: इथं चूक नको

ॲम्पच्या पाठीवर किंवा मॅन्युअलमध्ये कमीत कमी किती ओहम चालेल ते दिलेलं असतं. त्याच्या खाली जायचं नाही. ८ ओहमच्या ॲम्पवर ४ ओहमचा स्पीकर लावला तर चिपमधून जवळपास दुप्पट करंट जातो. टीडीए २०३०, टीडीए २०५०, एलएम १८७५ यांसारख्या चिपमध्ये तापल्यावर आपोआप बंद पडायची सोय असते, पण तिच्या भरवशावर बसू नये. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तालीम असेल तर नकोच.

वर गेलं तर चालतं. ४ ओहमच्या ट्रान्झिस्टर ॲम्पला ८ ओहमचा स्पीकर लावला तर ताकद साधारण निम्मी होते, म्हणजे ३ डेसिबल जातात. नवा स्पीकर ६ डेसिबलनं तिखट असेल तर तरीही ३ शिल्लक राहतात. चांगल्या स्पीकरमध्ये ८ ओहम सहज मिळतो, ४ शोधावा लागतो, म्हणून हा हिशेब करून बघा.

खरेदी

दुकानातलं बोलणं बहुधा असं होतं:

"किती वॉटचा दिऊ?"

"वॉट ऱ्हाऊदेत मामा. ओहम किती हाय, आन् सेन्सिटिव्हिटीचा कागद हाय का?"

"कागद कुठला? पाचशे वॉट हाय, लिवलंय की हितं."

ते पाचशे बहुधा पीएमपीओ असतात. त्या आकड्याला कसलाही ठरलेला मापदंड नाही, तो खोक्यावर छापण्यापुरता असतो. आरएमएस किंवा एईएस (ठरलेल्या पद्धतीनं मोजलेले वॉट) लिहिलेलं असेल तरच वॉट विचारात घ्या. कागद नसलेला स्पीकर वाईटच असतो असं नाही, पण मग तुमचा ॲम्प दुकानात न्यायची तयारी ठेवा आणि जोडून ऐकून घ्या. भला दुकानदार नाही म्हणत नाही.

तीन जातींचे स्पीकर टाळा. गाडीचे सबवूफर का टाळायचे ते वर आलं. गिटारचे स्पीकर तिखट असतात पण कोन फार थोडा हलतो, बेसच्या एका जोराच्या फटक्याला कॉइल आपटते. आणि मागून पूर्ण बंद असलेले मिडरेंज, ज्यांची फ्रेम डब्यासारखी असते, त्यांना खालचा आवाजच नसतो. बरे मिळतात ते पीएचे (कार्यक्रमांच्या साऊंड सिस्टीमचे) मिड-बेस आणि खास बेस गिटारसाठी बनवलेले. अमेरिकेतल्या केंटकीची एमिनेन्स आणि इंग्लंडची सेलेशन या दोघांचे कागद पूर्ण आणि भरवशाचे असतात. इथं नाही मिळाला तर पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड. जाण्याआधी फोन करून ओहम आणि भोकाचं माप पक्कं करा. एवढ्यासाठी नुसती एसटीची वारी नको.

शक्य असेल तर निओडिमियम मॅग्नेटचा घ्या. तो वजनाला हलका आणि आकाराला आखूड असतो, छोट्या खोक्यात ट्रान्सफॉर्मर चुकवायला फार सोयीचा. जड पीए स्पीकर पार्टिकल बोर्डच्या पातळ फळीवर टांगला आणि ॲम्प मोटरसायकलवरून तालमीला नेला तर स्क्रू फळीसकट हातात येतात.

किमतीबद्दल एवढंच: स्पीकर तुमच्या ॲम्पच्या सेकंडहँड किमतीच्या निम्म्यापेक्षा महाग पडत असेल तर थांबा आणि मोठा वापरलेला ॲम्प शोधा.

माप जुळत नसेल तर

नवा स्पीकर भोकापेक्षा थोडा लहान असेल तर मधे रिंग लागते. १२ मिलिमीटर मरीन प्लायची रिंग सुतार करून देईल. पण त्या जाडीमुळे स्पीकर पुढं आला तर कोन जाळीला घासणार नाही ना, ते आधी बघा. पातळ रिंग हवी तर शिवाजी उद्यमनगरात ३ मिलिमीटर ॲल्युमिनियमची करून घ्या. तिथल्या वर्कशॉपवाल्याला बेस गिटार समजावत बसू नका. कागदावर बाहेरचा व्यास, आतला व्यास, भोकांची संख्या आणि पीसीडी (स्क्रूच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास), सगळं मिलिमीटरमध्ये लिहून द्या. ती भाषा तिथं प्रत्येकाला येते.

भोक मोठं करायचं असेल तर चासी पूर्ण बाहेर काढा. भुसा सर्किटवर नको. पुठ्ठ्यावर कंपासनं वर्तुळ काढून साचा करा, तो फळीवर धरून जिगसॉ रेषेच्या आतून चालवा आणि उरलेलं कानशीनं सारखं करा. कडेला निदान पंधरा मिलिमीटर लाकूड शिल्लक राहायला हवं. ८ इंचीच्या जागी १० इंची बसवायचा मोह होतो, पण तेवढ्याच लिटरमध्ये मोठ्या व्हीएएसचा स्पीकर घातला तर वरच्या गणितात क्यू कुठे जातो ते बघा, मोह आपोआप उतरतो.

बसवणं आणि जोडणं

लाकडी स्क्रूच्या जागी एम५ बोल्ट आणि टी-नट (लाकडात रुतणारे दातेरी नट) वापरा. टी-नट मागून ठोकायचा, त्याच्या दातांना थोडा फेविकॉल. फळी आणि फ्रेममध्ये खिडकीला लावतात ती पातळ फोमची पट्टी, जोडाला फट न ठेवता. बोल्ट एकदम आवळायचे नाहीत. समोरासमोरचे दोन, मग त्यांच्या आडवे दोन, असं फिरत फिरत थोडं थोडं. फ्रेम पत्र्याची असेल तर जास्त आवळल्यानं ती वाकते आणि नवी कोरी कॉइल घासायला लागते. हाताला घट्ट लागलं की पाव फेरा, बास.

वायर १ चौरस मिलिमीटरची घ्या. टोकाला लग (टर्मिनलवर सरकवायची पत्र्याची टोपी) लावा, पण जुने लग नव्या टर्मिनलवर सैल बसतात का बघा. पक्कडीनं किंचित दाबून घट्ट होतात. सोल्डर करायचं तर टर्मिनलवर सोल्डरिंग आयर्न फार वेळ टेकवू नका, आतल्या बारीक वेणीचा जोड सुटतो. वायर कोनला लागणार नाही अशी बाजूला बांधा.

प्लस-मायनस नक्की करायला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला, मायनस मायनसला क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला म्हणजे खूण बरोबर. एकट्या स्पीकरला उलटसुलट जोडल्यानं फारसं बिघडत नाही. उद्या बाहेरचा कॅबिनेट जोडला तर मात्र दोघे एकमेकांचा बेस खातात.

बंद खोकं असेल तर मागच्या आणि बाजूच्या भिंतींना उशीत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस सैलसर लावा. त्यानं खोकं थोडं मोठं असल्यासारखं वागतं. साधा कापूस किंवा जुन्या गादीचा कापूस नको. आपल्याकडच्या जून-जुलैच्या हवेत तो ओल धरतो. हीट सिंक (चिप गार ठेवणारी धातूची पट्टी) आणि ट्रान्सफॉर्मरच्या आसपास मात्र काहीही भरायचं नाही.

जुन्या स्क्रूंची रिकामी भोकं एम-सीलनं बुजवा. मग बंद खोक्यात कोन बोटांनी सारखा दाबून सोडा. तो रेंगाळत परत आला तर खोकं हवाबंद आहे, झटक्यात आला तर कुठंतरी फट आहे. अगरबत्ती पेटवून कडेनं फिरवली आणि कुणाला तरी ई तार वाजवायला सांगितली की धूर जिथं थरथरतो तिथं फट. पोर्टचं खोकं असेल तर ही तपासणी लागू नाही. पाच तारी बेसवाल्यांनी पोर्टच्या बाबतीत सांभाळून राहावं. बी तार ३१ हर्ट्झची असते, आणि पोर्टच्या सुरापेक्षा खाली गेलं की खोक्यातल्या हवेचा रेटा उरत नाही, कोन मोकाट हलतो. पोर्टमध्ये सॉक्स कोंबून बघा. आवाज थोडा कमी होऊन स्वर आवळून आला तर राहू द्या तसाच.

पहिल्यांदा चालू करताना

व्हॉल्यूम शून्य, सगळी बटणं मध्यावर. चालू करून मिनिटभर थांबा, हीट सिंकच्या जवळ हात नेऊन बघा. मग मोकळ्या ई पासून एकेक फ्रेट चढत जा, प्रत्येक स्वर पूर्ण विझेपर्यंत थांबा. एकाच स्वराला झणझण येत असेल तर स्पीकरला दोष देऊ नका. जाळी, हँडल, मागच्या फळीचा स्क्रू, बटणाची टोपी किंवा शोकेसमधला काचेचा ग्लास यापैकी काहीतरी त्या सुराला नाचतंय. बोटानं एकेक दाबत गेलं की सापडतं. सगळ्याच स्वरांना खरखर असेल तर वायर कोनला लागतेय किंवा फ्रेम वाकलीय. बोल्ट अर्धा फेरा सैल करून पुन्हा ऐका.

नवा स्पीकर पहिले काही तास जरा ताठ वाटतो, मग थोडा सैलावतो. फरक असतो, पण लोक सांगतात तेवढा नाही. पहिल्या दिवशी आवडला नाही तो महिन्याभरानं जीव की प्राण होईल अशी वाट बघू नका.

पावसाळ्यात ॲम्प जमिनीवरून चार बोटं वर, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवा आणि आठवड्यातून एकदा तरी वाजवा. कागदाचा कोन ओल पितो, बुरशी धरतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेल्या घरांतले ॲम्प अजूनही स्वस्तात विकायला येतात. ते घेताना खोक्याच्या खालच्या कडेवर अंगठा दाबून बघा. एमडीएफ एकदा फुगलं की ते पुन्हा बसत नाही, त्यावर सनमायका मारलेला असला तरी कड पोकळ लागते. अशा खोक्यात नवा स्पीकर घालू नका. चासी चांगली असेल तर तीच उचलून प्लायचं नवं खोकं करून घ्या. तसं करणारच असाल तर १४ ऐवजी २५ लिटरचं करा, आणि वरचं गणित पुन्हा मांडा.

जुना स्पीकर भंगारात देऊ नका. ॲम्प विकताना कित्येक गिऱ्हाइकांना तो मूळ स्पीकरसकट हवा असतो, आणि नवा तुमच्याकडेच राहतो. मागच्या स्टिकरवर ओहम पुसट झाला असेल तर मार्करनं लिहून ठेवा.